एल्फ जनरलची ७५ एमएम रेझिन फिगर: रंगवून, टेबलावर वापरून मग लिहितोय

आमच्याकडे बडोद्यात, दांडिया बाजारच्या घरी, दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालतं, म्हणजे फासे टाकत, पात्रं घेऊन गोष्ट रचायचा खेळ. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, चार प्लेअर, त्यातले दोघं गुजराती, त्यामुळे टेबलावर अर्धं मराठी अर्धं गुजराती. गेल्या दिवाळीपासून आमच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे चालू गोष्टीत, एक एल्फ (लांब कानांची, शेकडो वर्षं जगणारी काल्पनिक जमात) जनरल आहे, वय चारशेच्या वर, सगळे तिला जनरल बाईच म्हणतात. तिच्यासाठी फिगर शोधत होतो आणि खरं सांगू का, सहा महिने मिळाली नाही. एल्फ म्हटलं की सगळीकडे तेच, एक पाय दगडावर, केस उडतायत, धनुष्य ताणलेलं नाहीतर हवेत उडी. तो शिकारी झाला हो, जनरल नाही झाला. हजार लोकांना रांगेत उभं करणारी बाई स्वतः उड्या कशाला मारेल?

ही फिगर मात्र नुसती उभी आहे. दोन्ही पाय जमिनीवर, तलवार म्यानात, हेल्मेट डाव्या बगलेत, उजवा हात पाठीमागे. बस. माझी मामेबहीण फाइन आर्ट्सला स्कल्प्चर करते, तिला दाखवली तर ती बराच वेळ फिरवून फिरवून बघत बसली आणि म्हणाली, दादा, दोन्ही पायांवर सारखं वजन दिलं की आकृती लाकडी वाटते म्हणून सगळे एका पायावर भार देतात, इथे मुद्दाम सारखं ठेवलंय आणि सगळा ताण मानेत दिलाय. तेव्हा मला कळलं की मला नक्की काय आवडलं होतं. कमाटीबागेजवळचा काळा घोडा लहानपणापासून बघतोय, त्यात सयाजीराव महाराज काही करत नाहीयेत, नुसते घोड्यावर बसलेत, तरी चौक कोणाचा आहे ते कळतं ना, तसंच.

आणि चेहरा. कडक माणूस दाखवायचा म्हणजे भुवया आवळायच्या आणि दात खायचे असं बरेच जण करतात. हिच्या कपाळावर एक आठी नाहीये. आजीने चष्मा वर करून अगदी जवळून बघितलं आणि म्हणाली, "रागावलेली नाही रे ही, हिचं एकदा सांगून झालंय आणि आता दुसऱ्यांदा सांगणार नाहीये." यापेक्षा चांगला रिव्ह्यू मी लिहू शकत नाही.

बारकावे बघायचे तर भिंग घ्या. कमरेच्या पट्ट्याचं बकल अगदी मधोमध, पण पट्ट्याचं तिसरं भोक ओढून ओढून लांबट झालंय, म्हणजे बाई वर्षानुवर्षं त्याच भोकात पट्टा लावतेय. क्लोकच्या खालच्या काठाला चिखल आहे, पण बुटांवर नाही. बूट पुसलेत! हेल्मेटला कानांसाठी दोन उभ्या खाचा दिल्यात, हे तर कोणी करतच नाही, एल्फला माणसाचं हेल्मेट देतात आणि कान जातात कुठे ते देवाला माहीत.

आता तक्रारी. पॅकिंग वाईट. म्यानाचं टोक तुटून आलं, एवढ्या बारीक भागाला बबल रॅपचा एकच थर होता. फोटो पाठवल्यावर नवीन तुकडा फुकट पाठवला, पण नऊ दिवस लागले. क्लोकच्या आतल्या बाजूला सपोर्टचे, म्हणजे बनवताना दिलेल्या आधारांचे, पुरळासारखे ठिपके राहिलेत, ४०० आणि मग ८०० च्या पॉलिश पेपरने हळूहळू घासले की जातात, पाण्यात घासा आणि मास्क लावा, रेझिनची धूळ छातीत जाऊ देऊ नका. उजवा हात थोडा वाकलेला होता, तो गरम पाण्यात धरून सरळ केला आणि लगेच गार पाण्यात टाकला, मग बसला नीट.

प्राइमरचं, म्हणजे रंगाआधीच्या थराचं, एक सांगतो. मी जुलैत स्प्रे मारला, बडोद्याच्या त्या दमट हवेत, आणि खांद्यावर पीठ भुरभुरल्यासारखा खरखरीत थर बसला. सगळं काढून परत ब्रशने लावलं. पावसाळ्यात घेतलीत तर स्प्रेच्या वाटेला जाऊ नका. रंग मी कमी ठेवले, मळकट हिरवा, राखाडी आणि बकलवर तेवढं पितळ.

टेबलावर काय फरक पडला ते महत्त्वाचं. खेळाच्या २०१४ च्या नियमांत एल्फ झोपत नाही, चार तास ट्रान्समध्ये, म्हणजे ध्यानात, बसला की आठ तासांच्या झोपेचं काम होतं, आणि अंधारात ६० फुटांपर्यंत दिसतं. मी तिची शिस्त त्यातूनच काढलीय. रात्री शेकोटी बंद, कारण तिला गरज नाही आणि शत्रूला उजेड दिसतो. प्लेअर झोपलेले असतात तेव्हा ती उरलेले चार तास जागी असते, तंबूंच्या दोऱ्या तपासते. एका प्लेअरने तिच्यावर चार्म, म्हणजे मोहिनी मंत्र, टाकून सुट्टी मिळवायचा प्रयत्न केला, पण एल्फला चार्मविरुद्ध दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो, बाईंनी १९ काढला आणि त्याला पहाटेचा पहारा मिळाला. हे सगळं आधीही होतं, पण आता मी माझ्या स्क्रीनच्या (डीएमच्या नोंदी लपवणाऱ्या आडोशाच्या) बाजूला ही फिगर ठेवतो तेव्हा गप्पा मारणारे, सेव उसळीचा पाव मोडत बसलेले चौघं आपोआप कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राचा कागद, समोर ओढतात. मी एक शब्द बोलत नाही.

मॅपवर मात्र ही चालणार नाही. आपल्या ग्रिडचा चौकोन एक इंचाचा असतो, हिचा बेसच दोन चौकोन खातो. हीच फिगर ३२ एमएममध्ये हवी होती, विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला त्या मापात पट्ट्याचं भोक दिसणार नाही. दिसू दे नाही दिसू दे, मला हवीय. कुरियरसकट ₹१,८५० दिले, रंग वेगळे. डिस्प्लेसाठी रंगवणाऱ्यांनी डोळे झाकून घ्या, फक्त ऑर्डर करतानाच म्यान वेगळं गुंडाळून पाठवा असं लिहून टाका.