‘स्टेशनपासून चालत दहा मिनिटं’: फडके रोड, टिळकनगर की एमआयडीसी?

डोंबिवली पूर्वेत घर शोधायला निघालं की एजंटच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: “मॅडम, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं.” फडके रोडवरच्या घराबद्दल मी ते ऐकलंय आणि एमआयडीसीच्या निवासी विभागातल्या घराबद्दलही. पहिलं चारशे-पाचशे मीटरवर, दुसरं अडीच-तीन किलोमीटरवर. या दोन्हीकडे आणि मधे टिळकनगरच्या बाजूलाही मी भाड्यानं राहिले आहे. तुम्ही अशाच तीन घरांमध्ये अडकला असाल, तर भाडं आणि चौरस फूट यांच्या आधी हे चालणं नीट मोजून घ्या.

आपल्याकडे घराच्या जाहिरातीत ‘चालत’ म्हणजे किती, याचं ठरलेलं माप नाही. घरबांधणी-विक्रीच्या 2016 च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेची, व्याख्या केली, चालण्याच्या अंतराची केली नाही. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींना 80 मीटरला 1 मिनिट असा हिशेब बांधलेला आहे, वरचे मीटर उरले तर पूर्ण मिनिट धरायचं. त्या मापानं दहा मिनिटं म्हणजे फार तर 800 मीटर. स्थानकांभोवतीच्या विकासाच्या 2017 च्या केंद्रीय धोरणातही मेट्रो किंवा रेल्वे स्थानकाचा परिसर साधारण 500 ते 800 मीटरचा धरलाय. शिक्षण हक्काच्या 2010 च्या केंद्रीय नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा चालत 1 किलोमीटरच्या आत हवी असं म्हटलंय. तेव्हा किलोमीटरच्या पलीकडच्या घराला कुणी ‘चालत’ म्हटलं, तर मी ते मान्य करत नाही.

पण नुसत्या मीटरवरही जाऊ नका. मोबाईलवरचा नकाशा स्टेशनच्या खुणेपर्यंत अंतर दाखवतो, फलाटापर्यंत नाही. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास लांब असते. तुमचा डबा कल्याणच्या टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला असेल, तर पूल चढून-उतरून तीन-चार मिनिटं सहज वाढतात. संध्याकाळी फेरीवाले आणि वाटेत उभ्या रिक्षा यांच्यातून तेच अंतर आणखी लांबतं. म्हणून मोजायचं ते घराच्या दारापासून आपल्या नेहमीच्या डब्यापर्यंत.

फडके रोडच्या घरापासून माझी ही वेळ नऊ मिनिटं होती. रात्री साडेअकराच्या गाडीनं उतरले तरी रिक्षाचा विचार करावा लागत नसे. रस्त्यावर जाग असायची. दूध, औषधं, भाजी, डॉक्टर, सगळं पायाखाली. एकट्या राहणाऱ्या बाईला याची किंमत कळते. त्रास दोन. गोंगाट हा पहिला. दिवाळीच्या पहाटे आणि पाडव्याच्या शोभायात्रेला रस्ता माणसांनी इतका भरतो की गाडी काढायचं मनातही आणू नये. ते मला आवडायचं, घरात आजारी माणूस असेल तर नाही आवडणार. दुसरा त्रास मोठा होता. इमारत जुनी, लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर. आई तेव्हा 71 वर्षांची. भाजीची पिशवी घेऊन ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायची, पिशवी पायरीवर ठेवायची, कठडा धरून दोन मिनिटं उभी राहायची. मंडई जवळ असूनही तिचं खाली उतरणं हळूहळू आठवड्यातून दोनदावर आलं. स्टेशनजवळचं ते घर माझ्यासाठी चालत होतं, तिच्यासाठी नव्हतं.

टिळकनगरच्या बाजूचं घर स्टेशनपासून किलोमीटरच्या थोडं पुढे. हे मधलं अंतर कागदावर सगळ्यात समजूतदार वाटतं आणि घर बघायला आलेले लोक फसतात ते इथेच. शेअर रिक्षा लांबून, शेवटच्या थांब्यावरून भरून निघतात. सकाळी आठला तुम्ही मधल्या नाक्यावर हात करून उभे राहता आणि रिक्षा एकामागून एक भरलेल्या जातात. येताना स्टेशनवरून एवढ्याशा अंतराला वेगळी रिक्षा यायला तयार होत नाही. म्हणजे मनात धरलेली ‘कंटाळा आला तर रिक्षा’ ही सोय गर्दीच्या वेळी नसतेच. चालावंच लागतं, जाऊन-येऊन रोज अर्धा तास. जूनमध्ये तर ऑफिसला पोचेपर्यंत सलवार गुडघ्यापर्यंत ओली. तरीही तिन्हींत हेच घर माझं सगळ्यात आवडतं ठरलं, कारण मी चालणारी आहे. रात्री शांत, भाडं फडके रोडपेक्षा कमी, आणि शाळा, वाचनालय, बाजार दहा मिनिटांत. ज्यांना चालण्याचा खरोखर कंटाळा आहे त्यांनी मात्र इथे घर घेऊ नये.

एमआयडीसीच्या निवासी विभागाला ‘चालत’ म्हणूच नये. रस्ते रुंद, झाडं भरपूर, त्याच पैशांत एक खोली जास्त. काही रात्री रसायनांचा वास येतो, तो एकदा मुक्कामाला राहून बघा. तिथे राहायचं म्हणजे रिक्षाच्या रांगेवर राहायचं. माणशी 20 रुपये धरले, तर महिन्याच्या 25 दिवसांचे जाऊन-येऊन 1000 रुपये, नोकरी करणारे दोघं असतील तर 2000. फडके रोडच्या तुलनेत रोज पाऊण तास जास्त धरला, तर महिन्याला अठरा-एकोणीस तास. भाड्यातला फरक काढताना हे दोन आकडे शेजारी लिहा. घरून काम करणाऱ्याला आणि स्वतःची स्कूटर असणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. त्यांनी मोकळ्या हवेत खुशाल राहावं. स्कूटर स्टेशनजवळ लावायला रोज जागा मिळेल का, तेवढं आधी बघून ठेवा.

रोज लोकल पकडणाऱ्या, रात्री उशिरा येणाऱ्या एकट्या माणसाला मी फडके रोडच सांगेन, एक खोली कमी मिळाली तरी. लहान मूल असेल तर स्टेशन बाजूला ठेवून शाळेपासून मोजा. मुलाला मधे मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही ना, हे मीटरांपेक्षा महत्त्वाचं. घरात म्हातारं माणूस असेल तर आधी लिफ्ट किंवा तळमजला, मग औषधाचं दुकान, मग बाकी सगळं.

टोकन देण्याआधी दोनदा चालून बघा: सोमवारी सकाळी आठला आणि रात्री दहाला. रविवारी दुपारी एजंटच्या गाडीतून बघितलेलं अंतर धरू नका. रोज न्याल ती बॅग खांद्याला लावा आणि घरात सगळ्यात हळू चालणारं जे कुणी असेल त्याला सोबत घ्या, त्याच्या पावलानं चला. नवी इमारत विकत घेत असाल तर अंतर लिहिलेलं माहितीपत्रक जपून ठेवा. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर रेराच्या कलम 12 प्रमाणे भरपाई मागता येते. मात्र ‘हाकेच्या अंतरावर’ अशा शब्दांवर भांडणं अवघड. मीटर किंवा मिनिटं लिहून मागा.

आईला घेऊन मी अशीच चालले, टिळकनगरच्याच बाजूला, दुसऱ्या गल्लीत. नकाशावर अकरा मिनिटं होती, आम्हाला बावीस लागली. वाटेत तिनं एका दुकानाच्या पायरीवर बसून घेतलं आणि समोरच्या भाजीवालीला मेथीचा भाव विचारला. तळमजल्याचं घर होतं, तेच घेतलं.