बेळगावच्या टिळकवाडीतली रक्त तपासायची लॅब, दादाच्या निमित्तानं आलेला अनुभव

ह्या लॅबला पाचपैकी चार स्टार देतोय. एक का कापला ते खाली सांगतो, पण आधी काय झालं ते लिहितो, नुसतं "सर्व्हिस चांगली" म्हणून भागणार नाही.

माझ्या दादाचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, किडनी आईनं दिली. आठ महिने सगळं बरोबर, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा आकडा) १.२, दादा परत दुकानात बसायला लागलेला. मग दम लागायला लागला, आधी जिना चढताना, नंतर अंघोळ करून आला तरी कॉटवर बसायचा, तोंड पांढरंफटक. हिमोग्लोबिन १२ वरून ८ आणि मग ६.१. आधी जिथं दाखवत होतो तिथं लोहाच्या गोळ्या झाल्या, लोहाचं सलाईन झालं, रक्त वाढायची इंजेक्शनं झाली, दोन पिशव्या रक्त चढवलं, तीन आठवड्यात परत खाली. आई रोज विचारायची, "माझी किडनी चालंना झालीय काय रे?" किडनी तर झकास चाललेली, पण तिला पटायचं नाही, आणि तिचं तोंड बघून मला रडू यायचं.

ह्या लॅबमध्ये आम्ही फक्त सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीची, रक्तातली लेव्हल करायला गेलेलो. संध्याकाळी पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "रेटिक काउंट मी माझ्या मनानं लावून बघितलाय, त्याचे पैसे नकोत, ०.१ टक्का आलाय." रेटिक म्हणजे बोन मॅरोतनं (हाडातला मगज, जिथं रक्त तयार होतं) नुकत्याच बाहेर पडलेल्या तांबड्या पेशी, नॉर्मल माणसात साधारण अर्धा ते अडीच टक्के, आणि हिमोग्लोबिन एवढं पडल्यावर तर त्या वाढायला पाहिजेत. म्हणजे रक्त कुठं वाहून जात नव्हतं, तयारच होत नव्हतं. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट ठीक, फक्त तांबड्याच बंद. मग त्यांनी विचारलं, "घरात लहान मुलं आहेत काय? कुणाचे गाल लाल झालेले काय?" माझ्या अंगावर काटाच आला, कारण दादाच्या पोराला त्याआधी ताप येऊन दोन्ही गाल थप्पड मारल्यासारखे लाल झालेले आणि आम्ही उन्हाचं म्हणून सोडून दिलेलं.

पार्व्होव्हायरस बी१९, पोरांचे गाल असे लाल करणारा व्हायरस, तोच दादाला लागलाय असा मॅडमना संशय. मॅरोमध्ये तांबड्या पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या कोवळ्या पेशीतच हा शिरतो. धडधाकट माणसात थोडे दिवस काम थांबतं, पण तांबडी पेशी १२० दिवस जगते म्हणून कळतही नाही, तोपर्यंत अँटिबॉडी तयार होऊन व्हायरस आटोक्यात येतो. ट्रान्सप्लांटवाल्याची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबलेली असते, त्याच्यात तो मुक्कामच करतो. मॅडमनी अजून एक सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा: नुसत्या अँटिबॉडी टेस्टवर राहू नका, अशा पेशंटमध्ये अँटिबॉडीच बनत नाहीत त्यामुळं ती निगेटिव्ह येऊ शकते, पीसीआर (रक्तात थेट व्हायरसच शोधणारी टेस्ट) करा. मायकोफेनोलेट ह्या प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळीनं पण रक्त कमी होऊ शकतं, पण स्वतः गोळी बंद न करता नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, रेटिक दाखवा म्हणाल्या.

पीसीआर पॉझिटिव्ह आली. किडनीच्या डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्यांचा डोस कमी केला आणि पाच दिवस आयव्हीआयजी दिलं, म्हणजे दुसऱ्या लोकांच्या रक्तातल्या तयार अँटिबॉडी, सावकाश थेंब थेंब. महागडं आहे, खोटं बोलत नाही. पण दहाव्या दिवशी रेटिक ४ टक्के! दोन महिन्यात हिमोग्लोबिन ११.६. हे परत उलटू शकतं म्हणून अजून दर महिन्याला सीबीसी आणि रेटिक तिथंच करतोय.

आता तक्रार. पीसीआरचं सॅम्पल बाहेर जातंय, तीन दिवसात रिपोर्ट म्हणून सांगितलं आणि सहाव्या दिवशी आला, मधे एक फोन नाही. ते तीन दिवस कसे काढले आमचं आम्हाला माहीत. घरी येऊन रक्त घेणारी माणसं आमच्या खानापूरला येत नाहीत, पेशंटला घेऊन २६ किलोमीटर यायला लागतंय. नऊनंतर खोकणाऱ्या लोकांनी बाक भरलेला असतो, ट्रान्सप्लांटवाल्याला तिथं बसवायला भीती वाटते. मी बोललो तेव्हापासून दादाला सकाळी सातला आत घेतात, पण हे सगळ्याच अशा पेशंटला करायला पाहिजे. काउंटरवरची मुलगी आईशी मराठीत नीट समजावून बोलते, तेवढ्यानं म्हातारीला धीर येतो.

टॅक्रोची लेव्हल करायची असेल तर सकाळची गोळी न घेता जावा, डबीतनं सोबत न्या आणि रक्त दिल्या दिल्या तिथंच घ्या.