अंगण आत हवं की बाहेर? आखातात व्हिला निवडताना

दुबई-अबुधाबीकडे व्हिला बघायला लागलात की मूळ निवड दोन नकाशांतली असते. एकात घर प्लॉटच्या मधोमध आणि भोवती मोकळी जागा. दुसऱ्यात खोल्या कडेने आणि चौक पोटात, जुन्या अरबी घरांसारखा.

पहिला नकाशा बाहेरून रुबाबदार दिसतो. पण भोवतालची जागा बहुतेकदा अरुंद पट्ट्यांत विभागली जाते आणि तिच्यावर शेजारच्या वरच्या मजल्यावरून थेट नजर पडते. मग भिंत उंच करा, पडदे ओढून ठेवा. चौकाच्या घरात तेवढीच मोकळी जागा एकसंध मिळते आणि खिडक्या बिनधास्त उघडता येतात. चौसोपी वाड्यात राहिलेल्यांना हे सांगायला नको.

गारव्याचं गणित मात्र इतकं सरळ नाही. चौक रात्री आकाशाकडे उष्णता सोडतो, गार हवा तळाशी साचते आणि सकाळी खोल्यांना सावली मिळते. रियाधच्या कोरड्या हवेत हे छान जमतं. दुबईत ऑगस्टच्या रात्रीही पारा तिशीच्या आसपास आणि हवा दमट. तिथे एसीला पर्याय नाही. शिवाय चौकामुळे बाहेरच्या भिंती वाढतात. त्यांना इन्सुलेशन नसेल तर वीजबिल उलट जास्त येईल. चौकावर काचेचं छत टाकून ‘एट्रियम’ करणारे तर हरितगृहच बांधतात.

बरजील, म्हणजे वाऱ्याचा मनोरा, हा दुबईच्या अल फहिदी भागातल्या जुन्या घरांचा दिमाख. इराणच्या किनाऱ्याकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी तो इथे रुजवला. तो वरचा वारा खाली खोलीत आणतो, पण हवेचं तापमान फारसं उतरवत नाही. एसीच्या घरावर बांधलेला बंद बरजील निव्वळ शोभेचा. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

मशरबिया, म्हणजे नक्षीदार जाळी, हिच्यावर मात्र खर्च करावा. फक्त ती काचेच्या बाहेर हवी. ऊन काचेपर्यंत पोचण्याआधीच अडतं. अबुधाबीच्या मसदार सिटीत २०१० मध्ये सुरू झालेल्या विद्यार्थी-निवासाला काँक्रीटची लालसर मशरबिया आहे, ती याच कामाची. आतून लावलेली जाळी नुसती धूळ धरते.

प्लॉट लहान असेल, घरात आजी-आजोबा आणि मुलं असतील, तर मी चौकाचंच घर घेईन. नोव्हेंबर ते मार्च तो चौक म्हणजे आणखी एक खोलीच. दोघंच असाल आणि उन्हाळाभर गावी जात असाल, तर भोवती बाग असलेला, नीट इन्सुलेशनचा साधा व्हिला पुरे. जाळी तिथेही बसवता येते.