इफेससच्या खालच्या दरवाजात घेतलेलं नाणं

मी 31 वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि त्याहून जास्त वर्षं जुनी नाणी जमवतो आहे. शिवराई हातात आली की तिची कड, ‘श्री राजा शिव’ या अक्षरांची वळणं, तांब्यावर चढलेलं पूट बघून ती खरी की नंतर कुणी पाडलेली, हे मला बहुतेक वेळा सांगता येतं. आमच्या मंडळातले नवे सभासद नाणी दाखवायला माझ्याकडे येतात. अशा माणसाला तुर्कस्तानातल्या इफेससमध्ये एका नाण्यावरून फसवलं गेलं. 90 युरो गेले, म्हणजे साधारण नऊ हजार रुपये. पण हे लिहायला बसलो त्याचं मुख्य कारण पैसे नाहीत, ते पुढे येईलच.

पुण्याहून सहलीच्या गटाबरोबर मी आणि सौ. गेलो होतो. इफेसस हे मूळचं आयोनियन ग्रीकांचं शहर, नंतर रोमन झालं. आज ते तुर्कस्तानात सेल्चुक गावाजवळ आहे. एके काळी हे मोठं बंदर होतं. नदीच्या गाळानं बंदर बुजलं, समुद्र काही किलोमीटर मागे हटला आणि शहर ओस पडलं. आता बस वरच्या दरवाजाशी सोडते, आपण उतारावरून संगमरवरी रस्त्यानं खाली चालत जायचं आणि बस खालच्या दरवाजाशी येऊन थांबते. हा क्रम लक्षात ठेवा, कारण फसवणारे नेमके खालच्या टोकाला असतात. तोवर पर्यटक दोन-अडीच तास उन्हात चाललेला असतो, भारावलेला असतो, आणि गाईड गट मोजण्याच्या गडबडीत असतो.

मी भारावलेला होतो, हे खरंच आहे. सेल्सस या रोमन अधिकाऱ्याच्या नावाच्या ग्रंथालयाचा दुमजली दर्शनी भाग पुस्तकातल्या चित्रात अनेकदा बघितला होता, पण त्याच्यासमोर उभं राहिल्यावर मला काही बोलता येईना. मुलानं वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेलं ग्रंथालय, आणि वडिलांची शवपेटी त्याच इमारतीच्या तळाशी! भूकंपात कोसळलेला हा भाग ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी 1970च्या दशकात एकेक तुकडा जुळवून पुन्हा उभा केला. पुढे डोंगराच्या कुशीत कोरलेलं थिएटर, सुमारे 25 हजार माणसं बसतील एवढं. याच थिएटरात, बायबलमधल्या कथेप्रमाणे, आर्टेमिस देवीची चांदीची छोटी देवळं घडवून विकणाऱ्या सोनारांनी ख्रिस्ती धर्मप्रचारक सेंट पॉलविरुद्ध लोक गोळा केले होते. त्याच्या शिकवणीनं धंदा बसेल ही त्यांची भीती होती. आर्टेमिसचं देऊळ प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. आज तिथे दलदलीच्या मैदानात तुकडे रचून उभा केलेला एकच खांब दिसतो.

आर्टेमिसची खूण मधमाशी. इफेससच्या इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला पंख पसरलेली मधमाशी आणि ग्रीक एप्सिलॉन, फी ही दोन अक्षरं असतात. दुसऱ्या बाजूला मान वळवून मागे बघणारं हरीण आणि खजुराचं झाड. नाण्यांच्या छंदात पडल्यापासून हे नाणं एकदा तरी हातात घ्यावं अशी माझी इच्छा होती, आणि त्या दिवशी गटातल्या दोघा-तिघांना मी मोठ्या आवाजात त्याबद्दल सांगतही होतो. कुणीतरी ते ऐकलं असेल असा मला आज संशय आहे.

दरवाजाबाहेर दुतर्फा दुकानं आहेत. सौ. डाळिंबाचा रस प्यायला थांबली, मी सावलीत उभा होतो. पन्नाशीचा एक माणूस जवळ आला. पायात मातीनं भरलेले बूट, हातावर घट्टे. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “इंडिया? प्रोफेसर?” मी म्हटलं, शिक्षक. त्यानं इकडे-तिकडे बघून खिशातून सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद काढला आणि उलगडला. आत मातीनं माखलेली मधमाशी.

तो उत्खननावर मजूर होता म्हणे. हंगाम संपला, मुलीचं लग्न आहे, संग्रहालयात दिलं तर एक पैसा मिळत नाही. तीनशे युरो. मी नको म्हणालो. तो कागद गुंडाळून निघालाही. तेवढ्यात शेजारी उभा असलेला एक गोरा पर्यटक पुढे झाला आणि दोनशे देतो म्हणाला. त्या मजुरानं माझ्याकडे बोट दाखवलं, आधी हे, हे जाणकार आहेत. आता विचार केला की कळतं, तो गोरा माणूसही त्यांच्यातलाच होता. दोनशे देणारं गिऱ्हाईक समोर असताना तो मजूर मला नव्वदला नाणं देतो, ही एकच गोष्ट मला थांबवायला पुरेशी होती. पण त्या वेळी मला वाटलं, माणूस साधा आहे, त्यानं माझ्यातली कळकळ ओळखली.

भिंग बसमध्ये होतं. नाण्यावरची माती पुसू नका, मोल कमी होईल, असं तोच मला म्हणाला, आणि हे खरंच असतं म्हणून मला तो विश्वासू वाटला. त्या मातीनंच कड झाकलेली होती.

सौ. पेला ठेवून आली तेव्हा पैसे देऊन झाले होते. “अहो, काय घेतलंत?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “अगं, छोटीशी आठवण, चावीला लावायची.” लग्नाला 36 वर्षं झाली, इतकं सरळ खोटं मी तिच्याशी क्वचितच बोललो असेन.

खरी फसवणूक मी इथून पुढे केली. तुर्कस्तानचा 1983 सालचा 2863 क्रमांकाचा कायदा आहे. जमिनीत सापडलेली जुनी नाणी, मूर्ती, खापरं ही सगळी सरकारी मालमत्ता, आणि ती देशाबाहेर नेली तर अनेक वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. मला हे माहीत होतं. आपल्याकडचा 1972 सालचा पुरावशेषांचा कायदा मी मुलांना वर्गात समजावून सांगितला आहे. जुन्नरच्या बाजूला शेतात नाणी सापडली की ती परस्पर विकू नका, ती कुठल्या थरात, कशाशेजारी सापडली त्यावरच इतिहास उभा राहतो, असं मी गावोगावच्या व्याख्यानांत पोटतिडकीनं सांगत आलो. आणि परतीच्या दिवशी इस्तंबूलच्या विमानतळावर मी ते नाणं बायकोच्या पर्समध्ये, आपल्या रुपया-दोन रुपयांच्या सुट्ट्या नाण्यांत टाकलं. तिला न सांगता. माझा खिसा तपासतील, तिची पर्स नाही तपासणार, असा हिशेब होता. पर्स यंत्रातून पुढे सरकत होती तेव्हा माझ्या हाताला घाम सुटला होता. ती पलीकडे उभी राहून मला हात करत होती.

पर्स उघडायला लावली नाही. पण नाणं खरं असतं आणि उघडायला लावली असती, तर परक्या देशात, परक्या भाषेत, माझ्या हावरटपणाचा जाब तिला द्यावा लागला असता. खोटं निघालं तरी सुटका सहज नाही. आधी ताब्यात घेतात, संग्रहालयाचा तज्ज्ञ बघून सांगेपर्यंत विमान निघून जातं.

घरी आल्यावर माती कोमट पाण्यात भिजवली. ती माती नव्हतीच, डिंकात कालवलेली भुकटी होती. भिंगाखाली कडेवर चारही बाजूंनी बारीक शीर दिसली, दोन साचे जुळतात तिथे राहते तशी. खरं नाणं ठशावर हातोड्यानं ठोकून पाडलेलं असतं, त्याला अशी शीर नसते. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे होते, वितळलेल्या धातूतले हवेचे बुडबुडे फुटून राहतात ते. आमच्या ओळखीच्या सोनाराकडे वजन केलं. 13.2 ग्रॅम. ही खरी नाणी साधारण 15 ग्रॅमची असतात. पाण्यात बुडवून तोललं तर 1.8 ग्रॅम कमी भरलं. मूळ वजनाला या घटीनं भागलं की धातूची घनता कळते, ती सव्वासातच्या जरा वर आली. चांदीचं साडेदहा यायला हवं. म्हणजे वर फक्त मुलामा.

मंडळाच्या बैठकीत मी ते टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले, पाकिटातून तसंच नाणं काढून माझ्या नाण्याशेजारी ठेवलं. मधमाशीच्या उजव्या पंखावर तीच खोच, हरणाच्या पायाजवळ तोच खळगा. ते दोन वर्षांपूर्वी गेले होते, 120 युरो देऊन आले होते आणि लाजेनं गप्प बसले होते. ते तेव्हा बोलले असते तर मी वाचलो असतो, हा विचार मनात आला. मग मी किती महिने गप्प बसलो तेही आठवलं.

म्हणून जाणाऱ्यांना सांगतो. उत्खननावरच्या मजुराची, शेत नांगरताना सापडल्याची, मुलीच्या लग्नाची गोष्ट ऐकू आली की थांबू नका, भावही विचारू नका. एकदा भाव विचारला की माणूस अडकतो. शेजारून दुसरं गिऱ्हाईक उगवलं तर ते त्याच टोळीतलं समजा. मधमाशीचं नाणं आठवण म्हणून हवंच असेल तर संग्रहालयाच्या दुकानात प्रतिकृती आहे म्हणून विकलेली वस्तू घ्या आणि पावती जपून ठेवा, विमानतळावर कुणी विचारलं तर ती दाखवता येते. सेल्चुकचं संग्रहालय चुकवू नका. आर्टेमिसची संगमरवरी मूर्ती तिथे आहे, आणि तिच्या अंगावर मधमाश्या कोरलेल्या आहेत. आमच्या गटाला तिथे वेळ दिला नाही. खालच्या दरवाजापाशी मात्र पाऊण तास दिला.

सौ.ला सगळं सांगितलं तेव्हा पैशांबद्दल ती काहीच म्हणाली नाही. पर्सचं ऐकल्यावर उठून आत गेली आणि रात्रीपर्यंत बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ती पर्स रिकामी करून माळ्यावर टाकली. नाणं माझ्या टेबलावर उघडंच असतं. तुर्कस्तानला निघालेलं कुणी भेटायला आलं की मी ते हातात देतो आणि कडेवरून नख फिरवायला सांगतो.