दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा : ई-रीडर, नऊ महिन्यांनंतर

काल दुपारी बदली ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घरी आला. आधीच्याच्या पडद्यावर आठव्या महिन्यात वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ उमटली होती. 'पडद्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही' हे वाक्य सेवा केंद्रातल्या चार वेगवेगळ्या माणसांनी अकरा दिवसांत मला ऐकवलं. तो पडला नव्हता, दाबला गेला नव्हता, काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. फोटो पाठवले, बिल पाठवलं, शेवटी ग्राहक आयोगाकडे जाते म्हणून लिहिलं, तेव्हा कुठे दुसरा मिळाला. दिवाळीच्या बोनसमधले साडेदहा हजार मोजलेत, असे कसे सोडणार?

सहा इंची पडदा, तीनशे पीपीआय (म्हणजे इंचाला तीनशे ठिपके), पिवळसर उजेड हे सगळ्यांना ठाऊक आहे. चार्जिंग मला तीन आठवडे पुरतं. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत उभ्याने जाताना एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात हा, असं आरामात वाचता येतं. स्कॅन केलेल्या पीडीएफसाठी मात्र घेऊ नका. अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

मला बोलायचंय ते अक्षरांबद्दलच.

पहिल्या दिवशी विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' उघडलं. 1939 सालची ही छोटीशी कादंबरी मी दर पावसाळ्यात एकदा वाचते. त्यातल्या चक्रधर आणि हॅर्टाची बोट मला पाठ आहे. तरी दुसऱ्या पानावरच अडखळले. ल हिंदी वळणाचा होता, उजवीकडे उभी दांडी असलेला. 'श'ही तसाच हिंदी वळणाचा. शाळेत बाईंनी पाटीवर गिरवून घेतलेला दोन पाकळ्यांचा ल अख्ख्या पुस्तकात कुठे नाही! महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं म्हणून ठरवून दिली होती. भाषांच्या यादीत मराठी निवडली तरी यंत्र अक्षरं हिंदीचीच दाखवत होतं. सेवा केंद्राला विचारलं तर उत्तर आलं, 'मॅडम, देवनागरी तर दिसतेय ना?'

त्याहून वाईट पुढे होतं. सह्याद्रीतल्या भटकंतीचं एक पुस्तक घेतलं, त्यात लेखक 'खोल दर्या' उतरत होते. दऱ्या हो, दऱ्या! डोंगरातल्या दरीचा समुद्र झाला होता. वाऱ्याचा 'वार्या', साऱ्याचा 'सार्या'. आचाऱ्याने केलेला स्वयंपाक आचार्यांच्या नावावर गेला. 'र' आडवा होऊन 'य'ला बिलगतो ते आपलं खास मराठी जोडाक्षर. ते नसलं तर अर्थ फिरतो आणि वाचणाऱ्याला दर ओळीत थांबून मनात दुरुस्ती करावी लागते. दोन महिन्यांत मी हे यंत्र अर्ध्या किमतीत विकायला काढलं होतं.

मग ऑफिसातल्या एका मुलाने सांगितलं, केबल लावून फाँटच्या फोल्डरमध्ये आपला फाँट टाकता येतो. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' फुकट मिळतो, तो टाकला आणि ल उमलला. खरंच, तसंच वाटलं. डब्यात उभी होते आणि 'लाल' हा एक शब्द किती तरी वेळ बघत राहिले.

'दर्या' मात्र तसाच राहिला. आणि इथे मला माझं मत बदलावं लागलं. हे जोडाक्षर टंकायच्या दोन रीती आहेत. एकीत नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, 'ऱ' वापरतात. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. फाइलचं रूपांतर करताना ते अदृश्य चिन्ह गळालं की उरतो रफार. म्हणजे चूक यंत्राची नव्हती, फाइल बनवून ती न वाचताच विकायला ठेवणाऱ्याची होती. छापील पुस्तकाची दोन-तीनदा मुद्रितं तपासतात, मग ई-पुस्तकाचे पैसे घेताना एकदा तरी कुणी वाचावं की नाही? मी त्या प्रकाशकांना सव्वीस चुका पानांसकट कळवल्या. दीड महिन्याने सुधारलेली फाइल आली. सतरा दुरुस्त झाल्यात, नऊ बाकी आहेत.

आईबद्दल लिहायलाच हवं. ती माझ्याकडेच असते. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, तरी छापील पुस्तक पाच मिनिटांवर धरवत नाही. तिची लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची प्रत पार सुटी झालेली, पानं दोऱ्याने बांधून ठेवलीत. लक्ष्मीबाई 1936 साली गेल्या, त्यामुळे त्यांचं लेखन कधीच स्वामित्वहक्कातून मोकळं झालंय. मी फाइल मिळवली, अक्षर एवढं मोठं केलं की पानावर जेमतेम नऊ ओळी मावतील, आणि यंत्र तिच्या हातात दिलं. संध्याकाळी आले तर कुकर लावायचा राहिला होता. लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याच्या, म्हणजे नारायण वामन टिळकांच्या, रागाचा एक प्रसंग तिने मला तिथेच उभं करून वाचून दाखवला. पाच वर्षांनी तिने स्वतःहून काही वाचलं होतं.

अकरा दिवस ती रोज विचारत होती, 'आलं का गं ते?' काल खोकं उघडून मी आधी फाँट टाकला, मग तिचं पुस्तक, मग माझी. घ्यावा का, असं विचाराल तर घ्या, पण बिल जपून ठेवा, पहिल्याच दिवशी फाँट बदला आणि पुस्तक विकत घेण्याआधी फुकट नमुन्यात 'दऱ्या'सारखा एखादा शब्द नीट दिसतो का बघा. बाकी नऊ चुकांचं स्मरणपत्र मी आज सकाळी धाडलंय.