रबाळ्यातली थकबाकी आणि ठाण्यातली लॉ फर्म: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

रबाळे एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं छोटं युनिट आहे. इलेक्ट्रिक पॅनलचे डबे बनवतो, माणसं चौदा. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडे अकरा बिलांचे १८ लाख ४० हजार अडकले होते. दीड वर्ष फोन झाले, चकरा झाल्या, एका ओळखीच्या वकिलांच्या तीन नोटिसाही गेल्या. शेवटी ठाण्यात स्टेशनजवळच्या एका व्यावसायिक लॉ फर्मकडे फाइल दिली. फर्मचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण निवड करताना मी इथेच अडखळलो होतो. वकिलांना जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिलचा नियम ३६ तसा आहे, आणि २००८ पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं एवढंच देता येतं. त्यामुळे सगळ्यांच्या वेबसाइटवर तीच यादी दिसते: कॉर्पोरेट, लवाद, मालमत्ता, कामगार, कर. चेंबर्स किंवा लीगल ५०० यांसारख्या लॉ फर्मच्या परदेशी क्रमवाऱ्या नरिमन पॉइंटच्या मोठ्या फर्मना उपयोगाच्या, आपल्याला नाहीत. पण त्या क्रमवाऱ्या फर्मला सरसकट नंबर देत नाहीत, प्रत्येक विभागाला वेगळा देतात. ही पद्धत मात्र मी उचलली. पहिल्याच भेटीत विचारलं, "वसुलीचं काम तुमच्याकडे कोण बघतं, आणि गेल्या वर्षी अशी किती प्रकरणं केलीत?" ज्या मॅडम ते बघतात त्यांनाच समोर बसवलं गेलं. तिथेच निम्मा निर्णय झाला.

वसुली आणि व्यापारी वाद हा या फर्मचा खरा दणकट विभाग. आधीच्या वकिलांनी मला दिवाळखोरी कायद्याची नोटीस पाठवायचा सल्ला दिला होता. मॅडमनी तो पाच मिनिटांत बाजूला ठेवला. मार्च २०२० पासून त्यासाठी किमान एक कोटीची थकबाकी लागते, आमची अठरा लाखांची. कमर्शियल कोर्टात जाता आलं असतं, २०१८ च्या दुरुस्तीनंतर तिथे तीन लाखांपासूनचे वाद चालतात. पण तातडीचा मनाई आदेश नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची, शिवाय कोर्ट फी. त्यांनी निवडला लघुउद्योगांचा २००६ चा कायदा. करारात काहीही लिहिलेलं असो, पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचेच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आमच्या पीओवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खरेदी ऑर्डरवर, "९० दिवस" आणि "वाद पुणे न्यायालयात" असं छापलेलं होतं, म्हणून मी धास्तावलो होतो. कलम १८ प्रमाणे मात्र विक्रेता जिथला, तिथली फॅसिलिटेशन कौन्सिल, म्हणजे या कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणारी सरकारी परिषद, प्रकरण ऐकू शकते. पुण्याची एकही खेप झाली नाही.

मग मॅडमनी विचारलं, "सर, उद्यम नोंदणी कधीची?" म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी. आमची ऑगस्ट २०२२ ची, आणि अकरापैकी दोन बिलं त्याआधीची. नोंदणीपूर्वीच्या मालाला या कायद्याचा फायदा मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलेलं आहे. त्यांनी ती दोन बिलं वेगळी काढली आणि त्यांवर व्याज धरू नका, असं पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. गिऱ्हाइकाने २०२४ च्या फेब्रुवारीत ईमेलवर बाकी मान्य केली होती. त्या एका ओळीने त्या बिलांसाठी दावा करायची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू झाली. असे ईमेल जपून ठेवा, हे मी आता प्रत्येक शेजारच्या कारखानदाराला सांगतो.

कागदपत्रांची तयारी बघण्यासारखी होती. प्रत्येक बिलामागे चलान, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची पावती, माल मिळाल्याची सही. ईमेलसाठी नव्या साक्ष कायद्याचं प्रमाणपत्र. आमचा हिशेब बघणारा पोरगा पंधरा दिवस त्यातच होता. कायद्यात कौन्सिलला ९० दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात आम्हाला जास्त लागले, आणि ते मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. कौन्सिल आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, त्या समेटाच्या दुसऱ्या बैठकीत समोरची पार्टी नरमली. निवाड्याला आव्हान द्यायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, हे त्यांच्या वकिलांनाही माहीत होतंच. अकराही बिलांची मुद्दल पूर्ण मिळाली, नऊ बिलांवरचं व्याज साधारण चाळीस टक्के. समोरचे नुसते पुढच्या तारखांचे चेक द्यायला तयार होते. मॅडम अडून बसल्या आणि समझोता कौन्सिलपुढे लेखी करून घेतला, कारण तशा समझोत्याला निवाड्याचाच दर्जा असतो.

करार विभागही चांगला. आमच्या विक्रीच्या अटी त्यांनी दोन पानांत बसवल्या. मालाबद्दल तक्रार असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या, हे कायद्यातलंच कलम आता आमच्या प्रत्येक चलानवर छापलेलं असतं.

तक्रार मालमत्ता विभागाची. दादा, म्हणजे माझे थोरले मावसभाऊ, भागीदारीतून निवृत्त होत आहेत. एमआयडीसीची जागा भाडेपट्ट्याची, त्यामुळे भागीदार बदलताना एमआयडीसीची परवानगी आणि हस्तांतरण शुल्काचा प्रश्न येतो. तेही काम मी त्याच फर्मला दिलं, तिथे माझं चुकलं. तीन महिन्यांत दोनदा ज्युनियर बदलला. निवृत्तीच्या दस्तात प्लॉट नंबर चुकला, आणि तो दादांनी सही करताना पकडला. पासष्टीचा माणूस चष्मा लावून ओळ न् ओळ वाचत होता आणि वकिलांनी ती वाचलेली नव्हती, याचं मला मनापासून वाईट वाटलं. तक्रार केल्यावर मुख्य भागीदारांनी स्वतः फोन केला आणि त्या कामाची फी परत दिली. कामगारांच्या एका प्रश्नावर मात्र त्यांनी आधीच सांगितलं की हे आमचं क्षेत्र नाही, आणि बेलापूरच्या एका वकिलांकडे पाठवलं. मालमत्तेबाबत तसं कोणी का बोललं नाही, हे मी त्यांना विचारलं. उत्तर मिळालं नाही.

फी टप्प्याटप्प्याने होती: अर्ज, समेट, पुढे गेलं तर लवाद. वसुलीवर टक्केवारी घेऊ का, असं विचारणारे लोक मला आधी भेटले होते. वकिलाला तशी फी घेता येत नाही, बार कौन्सिलचा नियम २० आहे. तसं कोणी म्हणालं तर मी तिथून उठेन.

दादांचे कागद गेल्या आठवड्यात बेलापूरला, फक्त एमआयडीसीचीच कामं करणाऱ्या वकिलांकडे दिले. चाकणच्या नव्या गिऱ्हाइकाचा करार मात्र सोमवारी मॅडमच्या टेबलावर ठेवून आलो.