मोठी संख्या लिहायची कशी: नावं, घातांक की बाण?

नौपाड्यात राहणारी माझी भाची आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर तिला १८ ग्रॅम पाण्यातले रेणू लिहायचे होते. औषधाच्या चमच्याने जेमतेम साडेतीन चमचे पाणी. कार्डशीटवर ६०२ काढून तिने पुढे शून्यं मांडली. मोजली तर २२, हवी होती २१. एका शून्यात चमच्यांचं पेलाभर पाणी झालं! "मामा, दुसरं काही नाही का?" आहे ना.

नावं कोटीपर्यंत उत्तम. ऐकताच अंदाज येतो. लीलावतीत (इ.स. ११५०) भास्कराचार्यांनी एकापासून परार्धापर्यंत दसपटीने चढणारी १८ नावं दिली आहेत, परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. त्या हिशेबाने आपले रेणू साठ लाख परार्ध. ऐकायला झकास, पण समजणार कोणाला? शिवाय लीलावतीतला खर्व १० अब्जांचा, तर हिंदीतला खरब १०० अब्जांचा. बिलियनचंही तेच: ब्रिटनने १९७४ साली सरकारी कामकाजात तो लाख कोटींवरून १०० कोटींवर आणला. तेव्हा अब्जाच्या पुढे मी नावांच्या भरवशावर राहणार नाही.

घातांकात ही भानगडच नाही. ६.०२ गुणिले १० चा २३वा घात, विषय संपला. तुलनाही चटकन होते. पृथ्वीचं वस्तुमान ५.९७ गुणिले १० चा २४वा घात किलो, चंद्राचं ७.३५ गुणिले २२वा. घातांकांत दोनचा फरक, म्हणजे शंभरपटीच्या आसपास. नीट भागलं तर ८१ पट. तक्त्यासाठी माझं मत यालाच.

बाण म्हणजे ↑ हे चिन्ह, अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी ते १९७६ साली आणलं. एक बाण म्हणजे साधा घात: ३↑३ म्हणजे ३ चा ३रा घात, २७. दोन बाण म्हणजे घातांवर घात: ३↑↑३ म्हणजे एकावर एक तीन तीन, म्हणजेच ३ चा २७वा घात: ७६,२५,५९,७४,८४,९८७. आणखी एक बाण वाढवला, की एकावर एक इतक्या तिनांचा मनोरा. तिथे घातांकही हात टेकतात. ग्रॅहॅमची संख्या, म्हणजे गणितातली एक अवाढव्य संख्या, सांगायची तर बाणच लागतात, रेणूंसाठी मात्र उगाच. भाचीला ते फार आवडले, म्हणून तक्त्याचा एक कोपरा त्यांना दिला.

घातांक लिहिताना एकच सांभाळा: २३ बारीक आणि वर. तिने पहिल्यांदा जाड स्केचपेनने एकाच उंचीवर लिहिलं, तर आजी चष्मा सावरत म्हणाली, "एक हजार तेवीस? एवढेच?"